डॉक्सीपेप: गुप्तरोग होण्याआधीच अँटिबायोटिक घ्यावं का?

मुंबईत पाणी तुंबलं की पाठोपाठ महापालिकेची एक सूचना ठरलेली असते. साचलेल्या पाण्यातून चालत गेला असाल, तर २४ ते ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारून डॉक्सिसायक्लिन घ्या. धोका कमी असेल तर प्रौढाला २०० मिलिग्रॅमचा एकच डोस. गरोदर बायका आणि आठ वर्षांखालची मुलं यांना ही गोळी नाही, त्यांना अझिथ्रोमायसिन. उंदरांच्या मुतातून पाण्यात उतरणारा लेप्टोस्पायरोसिस टाळण्यासाठी हा सगळा खटाटोप. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर या आजाराने जो हिसका दाखवला, त्यानंतर ही गोळी मुंबईकरांच्या चांगल्याच ओळखीची झाली.

आता दुसरी सूचना बघा. ६ जून २०२४ रोजी अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने जाहीर केलं, की काही ठरावीक लोकांनी कंडोमशिवाय संबंध आल्यावर ७२ तासांच्या आत डॉक्सिसायक्लिनचा २०० मिलिग्रॅमचा एक डोस घ्यावा, म्हणजे सिफिलिस, क्लॅमिडिया आणि गनोरिया हे रोग होण्याची शक्यता घटते. याच उपायाला डॉक्सीपेप म्हणतात.

गोळी तीच, डोस तोच, मुदतही तीच. पहिल्या सूचनेवर कुणी भुवई उंचावत नाही. दुसरीवरून मात्र डॉक्टरांमध्येच वाद आहेत. त्यात थोडा सोवळ्या-ओवळ्याचा भाग आहे, नाही असं नाही. पण तेवढाच असता तर हा लेख लिहायची गरज पडली नसती.

आधी हे तीन रोग

आपल्याकडे गुप्तरोग म्हटलं की एकाच टोपलीत सगळं टाकलं जातं. निदान दोन टोपल्या तरी हव्यात. एचआयव्ही, जननेंद्रियांवरची नागीण (हर्पिस), एचपीव्ही, कावीळ ब हे विषाणूंचे रोग. त्यांच्यावर अँटिबायोटिक चालत नाही, आधी घ्या नाहीतर नंतर घ्या. सिफिलिस (आपल्याकडे गरमी किंवा उपदंश), गनोरिया (परमा) आणि क्लॅमिडिया हे जिवाणूंचे, म्हणजे बॅक्टेरियाचे. ते अँटिबायोटिकने बरे होतात. या लेखात पुढे ‘लैंगिक संसर्ग’ म्हटलं की हे तीनच समजा.

बरे होतात तर एवढी चिंता कशाला? कारण ते कळतच नाहीत. सिफिलिसचा पहिला व्रण बहुतेकदा दुखत नाही. आतल्या बाजूला असला तर दिसतही नाही आणि काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. माणसाला वाटतं, सुटलो. मग कधी तळहात-तळपायांवर पुरळ उठतं, तेही जातं. रोग मात्र आत राहतो आणि पुढे मेंदू, डोळे, हृदयापर्यंत पोचू शकतो. क्लॅमिडिया तर त्याहून गुपचूप. बाईला वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही, आणि मूल राहत नाही म्हणून तपासण्या सुरू होतात तेव्हा गर्भनलिका बंद झालेली सापडते.

गरोदरपणात पहिल्या तपासणीलाच रक्ताची जी यादी हातात ठेवतात, तिच्यात व्हीडीआरएल असं लिहिलेलं असतं. ती सिफिलिसची चाचणी. आईला असेल तर गर्भालाही होतो, मूल दगावू शकतं, आणि आईला वेळेवर पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं तर हे टळतं. इतकं सोपं असूनही अमेरिकेसारख्या देशात २०२३ साली जन्मजात सिफिलिसच्या ३,८८२ केसेसची नोंद झाली. दहा वर्षांपूर्वीच्या जवळपास दहापट. त्याच वर्षी तिथे या तीन रोगांच्या मिळून २४ लाखांहून जास्त केसेस नोंदल्या गेल्या. कंडोम वापरा, तपासणी करा, उपचार घ्या हे सांगून सांगून आरोग्यखातं थकलं होतं. डॉक्सीपेपचा विचार पुढे आला तो या पार्श्वभूमीवर.

डॉक्सीपेप म्हणजे नेमकं काय

डॉक्सी म्हणजे डॉक्सिसायक्लिन. पेप म्हणजे जंतूशी संपर्क आल्यानंतर पण रोग जडण्याआधी घेतलेलं औषध. दवाखान्यात एचआयव्हीबाधित रुग्णाची सुई नर्सला टोचली की ७२ तासांच्या आत तिला गोळ्या सुरू करतात, तेही पेपच. फरक एवढाच, की तिथे २८ दिवसांचा कोर्स असतो, इथे एक डोस.

डॉक्सिसायक्लिन हे टेट्रासायक्लिन घराण्यातलं औषध. या घराण्यातलं पहिलं, ऑरिओमायसिन, अमेरिकेतल्या लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत बेंजामिन डग्गर यांनी शोधलं आणि १९४८ मध्ये ते जगापुढे आलं. त्या प्रयोगशाळेच्या संशोधनाची धुरा होती आंध्रातून गेलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे. डॉक्सिसायक्लिन स्वतः १९६७ पासून बाजारात आहे. म्हणजे औषध जुनं, स्वस्त, डॉक्टरांच्या हातातलं. तारुण्यपीटिकांवर महिनोन्‌महिने देतात, मलेरियाच्या प्रदेशात जाणाऱ्या प्रवाशांना रोज देतात.

ते जिवाणूला थेट मारत नाही. जिवाणूची प्रथिनं बनवायची यंत्रणा बंद पाडते, वाढ थांबते आणि उरलेलं काम शरीराची प्रतिकारशक्ती करते. म्हणून वेळेला महत्त्व. संबंधांनंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत शरीरात शिरलेले जंतू मोजके असतात. त्यात सिफिलिसचा जंतू भलताच सुस्त आहे, एकाचे दोन व्हायला त्याला तीसेक तास लागतात. क्लॅमिडियाला आपलं एक चक्र पुरं करायला दोन-तीन दिवस लागतात. डॉक्सिसायक्लिन शरीरात रेंगाळणारं औषध आहे, त्याचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच १६ ते २२ तास जातात. संथ जंतू आणि रेंगाळणारं औषध, त्यामुळे एका डोसात काम भागतं. गनोरियाचा जंतू मात्र झपाट्याने वाढतो आणि औषधांना चकवण्यात पटाईत आहे. त्याच्याकडे पुढे येऊच.

खरंच उपयोग होतो का?

होतो, आणि चांगलाच होतो. मात्र कुणाला, हे धरून वाचावं लागतं.

पहिला ठोस पुरावा फ्रान्सचा. ज्याँ-मिशेल मोलिना यांच्या गटाने २३२ पुरुषांवर केलेल्या अभ्यासात (२०१८) गोळी घेणाऱ्यांत क्लॅमिडिया आणि सिफिलिस सुमारे ७० टक्क्यांनी घटले. गनोरियावर परिणाम दिसला नाही. मग सॅन फ्रान्सिस्को आणि सिअ‍ॅटल इथे ॲनी ल्यूटकेमायर आणि कॉनी सेलम यांनी ५०१ जणांवर मोठा अभ्यास केला. हे सगळे पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष किंवा ट्रान्स स्त्रिया होते. काही एचआयव्हीसह जगणारे, तर काही एचआयव्ही होऊ नये म्हणून रोजची गोळी घेणारे. सगळ्यांना आदल्या वर्षभरात किमान एक लैंगिक संसर्ग होऊन गेलेला.

एचआयव्ही नसलेल्या गटात दर तिमाहीला, डॉक्सिसायक्लिन न घेणाऱ्यांच्या ३१.९ टक्के तपासण्यांत काही ना काही संसर्ग सापडायचा. डॉक्सिसायक्लिन घेणाऱ्यांत १०.७ टक्के. म्हणजे दोन तृतीयांश घट. वेगळ्या शब्दांत, साधारण पाच जणांनी तीन महिने गोळी घेतली की एक संसर्ग टळतो. फायदा इतका उघड दिसू लागला, की मे २०२२ मध्ये देखरेख समितीने अभ्यास मुदतीआधीच थांबवला. गोळी न मिळणाऱ्या गटाला तसंच ठेवणं योग्य नव्हतं.

प्रयोगात जमलेलं गावात जमतंच असं नाही. सॅन फ्रान्सिस्को शहराने ऑक्टोबर २०२२ मध्येच, सीडीसीची वाट न बघता, ही गोळी द्यायला सुरुवात केली. पुढे आकडे तपासले तेव्हा या समूहांत क्लॅमिडिया आणि सुरुवातीचा सिफिलिस अपेक्षित आकड्याच्या निम्म्यावर आलेला होता. गनोरिया मात्र कमी झाला नाही. उलट अपेक्षेपेक्षा वाढलेला दिसला.

हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. गोळीच्या बातम्यांत ते बहुतेकदा तळाला टाकलेलं असतं.

कंडोम आहे ना, मग गोळी कशाला?

कंडोम नीट वापरला तर एचआयव्हीसकट सगळ्यांपासून बऱ्यापैकी संरक्षण देतो, गोळी फक्त या तिघांपासून. तेव्हा कंडोमच्या जागी गोळी असा मुद्दाच नाही. मुद्दा आहे तो ज्यांच्या आयुष्यात कंडोम नियमित नाही, हे डॉक्टरलाही ठाऊक आहे आणि त्यांना स्वतःलाही, अशांचा. त्यांना उपदेश करून झालेला आहे.

आणि मग तो नेहमीचा आक्षेप, की यामुळे रान मोकळं मिळेल. गर्भनिरोधक गोळी आली तेव्हा हेच म्हटलं गेलं, मुलींना एचपीव्हीची लस द्यायची म्हटली तेव्हाही. अमेरिकेतल्या अभ्यासात सहभागी झालेले लोक गोळी मिळण्याआधीही तसंच आयुष्य जगत होते, म्हणून तर वर्षाला एखादा संसर्ग झालेला होता. चिठ्ठी टाकून गट पाडले होते, दोन्ही गटांचं वागणं सारखंच राहिलं आणि तरी रोग एकाच गटात घटले. मला या आक्षेपात फारसा दम वाटत नाही. ज्याला लाज वाटते तो दवाखान्यात जात नाही, आणि दवाखान्यात न गेलेला माणूस रोग पसरवत राहतो. सीडीसीच्या सूचनेत गोळीबरोबर दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी बांधलेली आहे, ती उगाच नाही. माझ्या मते गोळीइतकाच फायदा त्या तपासणीच्या पायरीचा आहे.

पण याहून वजनदार आक्षेप दोन आहेत. एक बायकांबद्दलचा, दुसरा औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंबद्दलचा.

बायकांचं काय? किसुमूची गोष्ट

लैंगिक संसर्गाचा सगळ्यात मोठा भुर्दंड बायका भरतात. वंध्यत्व, गर्भनलिकेतली गर्भधारणा, जन्मजात सिफिलिस, सगळं त्यांच्या वाट्याला. मग सीडीसीच्या शिफारशीत त्या का नाहीत?

केनियात व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी किसुमू नावाचं शहर आहे. तिथे १८ ते ३० वयाच्या ४४९ तरुणींवर हाच प्रयोग झाला. या सगळ्या एचआयव्ही टाळण्याची गोळी घेत होत्या, कारण त्या भागात एचआयव्ही बराच पसरलेला आहे. निम्म्यांना डॉक्सिसायक्लिन दिलं, निम्म्यांना नेहमीची सेवा. वर्षभराने मोजलं तर गोळीच्या गटात ५० संसर्ग, दुसऱ्या गटात ५९. हा फरक योगायोगात जमा होण्याइतका लहान. निकाल २०२३ च्या अखेरीस छापून आला.

पहिला विचार असा आला, की बायकांच्या शरीरात हवं तिथे हे औषध पोचतच नसेल. तपासलं, तर योनीस्रावात औषध पुरेसं मिळतं असं दिसलं. मग क्लॅमिडियाच औषधाला दाद देत नसेल? तेही नाही, जंतूंमध्ये तशी खूण सापडली नाही.

तरुणी स्वतः सांगत होत्या, की आम्ही बहुतेक वेळा गोळी घेतली. मग संशोधकांनी त्यांचे केस तपासले. औषध घेतलं की त्याचा अंश केसाच्या मुळाशी वाढणाऱ्या भागात उतरतो आणि केस वाढतो तसा त्याच्याबरोबर पुढे सरकतो. डोक्याच्या कातडीलगत कापलेली छोटीशी बट बघून गेल्या काही आठवड्यांत गोळी पोटात गेली की नाही ते कळतं. गोळीच्या गटातून निवडलेल्या २०० नमुन्यांपैकी फक्त ५८ मध्ये डॉक्सिसायक्लिनचा अंश सापडला. २९ टक्के.

म्हणजे प्रयोगाने गोळी चालते की नाही हे सांगितलंच नाही. गोळी घेतली गेली नाही, हे सांगितलं. यावरून त्या मुलींना बोल लावायला जाऊ नये. घरात गोळ्यांची डबी सापडली तर नवरा किंवा सासू काय विचारेल, हा प्रश्न आपल्याकडच्या बायकांनाही समजावून सांगावा लागणार नाही. शिवाय पगारी संशोधकाला ‘घेतली’ म्हणणं हे ‘नाही घेतली’ म्हणण्यापेक्षा सोपं असतं.

याच अभ्यासातली आणखी एक नोंद: तिथे सापडलेल्या गनोरियाच्या जंतूंकडे टेट्रासायक्लिनला चकवणारं जनुक आधीपासूनच होतं. म्हणजे तिथे गोळी नियमित घेतली असती तरी गनोरिया टळला नसता. सॅन फ्रान्सिस्कोचा निकाल जसाच्या तसा दुसऱ्या गावी नेता येत नाही, तो यामुळे.

जंतू हुशार झाले तर?

शेतात दरवर्षी एकच तणनाशक फवारत राहिलं की सुरुवातीला वावर लख्ख होतं. चार-पाच वर्षांनी एखादं तण टिकून राहतं. फवाऱ्याने ते तण काही शिकलेलं नसतं, ते आधीपासून तिथेच होतं, गर्दीत दबलेलं. बाकीचं जळाल्यामुळे त्याला मोकळं वावर मिळालं. अँटिबायोटिक आणि जंतू यांचं अगदी असंच आहे. याला औषधरोध म्हणू.

गनोरियाचा इतिहास म्हणजे अशा फवाऱ्यांची यादी. सल्फा औषधं १९३० च्या दशकात आली आणि थोड्याच वर्षांत निकामी झाली. मग पेनिसिलिन, टेट्रासायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन. एकेक करत सगळी गेली. आता जगभर मुख्य भिस्त सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनच्या इंजेक्शनवर आहे, आणि तिलाही तडे जाताहेत.

आधी गोळी घेऊन गनोरिया टाळायचा प्रयत्नही नवा नाही. अमेरिकी आरमाराने बंदरावर उतरणाऱ्या खलाशांना डॉक्सिसायक्लिनचंच भावंड असलेलं मिनोसायक्लिन देऊन पाहिलं होतं. १९७९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. हजाराहून अधिक खलाशी, परत येताच २०० मिलिग्रॅम. कमजोर जंतूंचा गनोरिया टळला, रोधक जंतूंचा टळला नाही. अभ्यासकांनी तेव्हाच लिहून ठेवलं, की सरसकट वापरलं तर रोधक जंतूच उरतील. विषय तिथे मिटला आणि चाळीस वर्षांनी पुन्हा निघाला.

या वेळी काय दिसतंय? अमेरिकेत टेट्रासायक्लिनला जबरदस्त रोध देणारं टेट-एम नावाचं जनुक २०२० मध्ये गनोरियाच्या १० टक्क्यांहून कमी नमुन्यांत होतं. २०२४ च्या सुरुवातीला ते ३० टक्क्यांच्या वर गेलं. गनोरियावर आता डॉक्सिसायक्लिनने उपचार करतच नाहीत, मग बिघडलं कुठे, असं कुणी विचारेल. बिघडतं ते असं, की जंतूंकडे वेगवेगळ्या औषधांचे रोध एकत्र असू शकतात. डॉक्सिसायक्लिनने जो वाचतो, तो सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनलाही चकवणारा निघाला तर आपणच त्याला वाट करून दिलेली असते.

बाकी दोघांचं चित्र सध्या तरी बरं आहे. सिफिलिसचा जंतू पेनिसिलिनला १९४३ पासून मुकाट शरण येतो, आजही. क्लॅमिडिया आपल्या पेशींच्या आत राहतो, त्यामुळे इतर जंतूंकडून जनुकं उसनी घ्यायची संधी त्याला कमी मिळते. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. डुकरांमधल्या क्लॅमिडियाच्या एका जातीने टेट्रासायक्लिनरोध मिळवलेला आहे, आणि डुकरांच्या खाद्यात हे औषध वर्षानुवर्षं मिसळलं जायचं. सिफिलिसच्या जंतूनेही अझिथ्रोमायसिनला बऱ्याच देशांत झुगारून दिलं आहे.

शिवाय गोळी पोटात गेली की ती फक्त तीन जंतूंपुरती थांबत नाही. नाकात, कातडीवर, आतड्यांत राहणाऱ्या सगळ्या जिवाणूंवर फवारा बसतो. अमेरिकेच्या अभ्यासात गोळी घेणाऱ्यांच्या अंगावर स्टॅफिलोकॉकस हा फोड-गळवांचा जंतू कमी जणांत सापडला, पण ज्यांच्यात सापडला त्यांच्यात डॉक्सिसायक्लिनरोधकांचं प्रमाण जास्त होतं. आतड्यांतल्या जंतूंमध्येही टेट्रासायक्लिनरोधाची जनुकं वाढलेली दिसली. याचा पुढे प्रत्यक्ष त्रास किती होईल, हे कळायला वर्षं जावी लागतील.

मग पिटिका आणि लेप्टोवर कुणी का बोलत नाही?

हा बिनतोड वाटणारा प्रश्न समर्थक विचारतात, आणि त्याला उत्तर द्यायलाच हवं.

हिशोब मांडू. अभ्यासात मधला माणूस महिन्याला चार डोस घेत होता, म्हणजे ८०० मिलिग्रॅम. पिटिकांसाठी रोज १०० मिलिग्रॅम घेणारी कॉलेजकन्या महिन्याला ३,००० मिलिग्रॅम घेते, आणि तिच्यावर कुणी अग्रलेख लिहीत नाही. इथे समर्थकांचं म्हणणं मला पटतं. औषधरोधाचा धसका खरोखर असेल तर तो आधी चेहऱ्यावरच्या पिटिका, सर्दी-पडशाला दिलेली अँटिबायोटिक्स आणि कोंबड्यांचं खाद्य यांच्याबद्दल वाटायला हवा. गुप्तरोगाची गोळी निघाली की अचानक सगळ्यांना औषधरोध आठवतो, हे जरा सोयीचं आहे. (त्याच अभ्यासात चौथा हिस्सा लोक महिन्याला दहा किंवा जास्त डोस घेत होते, हेही सांगून ठेवतो. तो हिशोब वेगळा पडतो.)

लेप्टोचं प्रकरण मात्र मुळातच वेगळं आहे. प्रतिबंधक डॉक्सिसायक्लिनचा गाजलेला पुरावा पनामाच्या जंगलातल्या अमेरिकी सैनिकांचा, १९८४ चा: आठवड्याला २०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत एकाला लेप्टो झाला, न घेणाऱ्यांत वीस जणांना. पण लेप्टोचा जंतू उंदराकडून माणसात येतो आणि सहसा तिथेच संपतो. माणसाकडून माणसाला तो जवळपास जात नाही. समजा गोळीमुळे एखाद्याच्या शरीरात रोधक लेप्टो तयार झालाच, तर त्याला पुढे रस्ता नाही. गनोरियाचं सगळं आयुष्यच माणसाकडून माणसाकडे जाण्यात आहे. एका शरीरात टिकलेला रोधक जंतू पुढच्या शनिवारी दुसऱ्या शरीरात असतो. त्यातून पुराची गोळी वर्षातून एखाद-दोनदा, ही आठवड्यातून. म्हणून गोळी तीच असली तरी जोखीम तीच नाही.

घ्यायची कुणी, कशी?

सीडीसीची शिफारस आखूड आहे: पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष आणि ट्रान्स स्त्रिया, त्यातही ज्यांना गेल्या बारा महिन्यांत या तीनपैकी एखादा संसर्ग होऊन गेलाय. बाकीच्यांसाठी सरसकट नाही. हा आखूडपणा मुद्दाम आहे. ज्याला रोगाची शक्यताच कमी, त्याला फायदा कमी, आणि फवाऱ्याचा तोटा मात्र सगळ्यांना वाटून. ब्रिटनच्या तज्ज्ञांनी २०२५ मध्ये साधारण असाच पवित्रा घेतला. गनोरियासाठी तिथे वेगळा मार्गही काढलाय: ऑगस्ट २०२५ पासून इंग्लंडमध्ये धोका जास्त असलेल्यांना मेंदूज्वराची एक जुनी लस देतात. गनोरियाचा जंतू मेंदूज्वराच्या त्या जंतूचा जवळचा नातलग असल्यामुळे ती तीस-चाळीस टक्के संरक्षण देईल असा अंदाज आहे. कमी वाटेल, पण लसीने औषधरोध वाढत नाही.

गोळी घेण्याची रीतही नीट समजून घ्यायला हवी. संबंधांनंतर जमलं तर २४ तासांत, फार तर ७२ तासांत. चोवीस तासांत २०० मिलिग्रॅमच्या वर नाही, संबंध कितीही वेळा आले तरी. ग्लासभर पाण्याबरोबर, बसून किंवा उभ्याने, आणि नंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. ही कॅप्सूल घोटभर पाण्याने गिळून झोपलं तर ती अन्ननलिकेत चिकटते आणि तिथे जखम करते. छातीत अशी जळजळ उठते की हार्ट अटॅक वाटावा. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या, कॅल्शियम, लोह सोबत घेतलं तर औषध शोषलं जात नाही. उन्हात कातडी लवकर भाजते. गरोदर बाईने घ्यायची नाही.

आपल्याकडे हे आलं तर

वर जे सांगितलं त्या परदेशांतल्या शिफारशी आहेत, तिथल्या तपासण्या आणि तिथले जंतू धरून केलेल्या. महाराष्ट्रात त्या तशाच्या तशा उचलता येत नाहीत, याचं एक कारण किसुमूने दाखवलंच. दुसरं कारण म्हणजे कोपऱ्यावरचं मेडिकल.

कायद्याने डॉक्सिसायक्लिन चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. प्रत्यक्षात काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. पट्टी कात्रीने कापून दोन गोळ्या हातावर ठेवल्या जातात, कशासाठी असं कुणी विचारत नाही, आणि या विषयात तर गिऱ्हाइकालाही विचारलेलं नको असतं. आता कल्पना करा, की ‘संबंधांनंतरची गोळी’ अशी कुजबुज मोबाइलवरून फिरली. मला खरी भीती त्यातल्या एका गैरसमजाची वाटते: लक्षणं दिसू लागल्यावर लोक हा एक डोस उपचार म्हणून घेतील. लघवीला जळजळ होतेय, पू येतोय, व्रण दिसतोय, तर घे दोन गोळ्या. तो उपचार नव्हे. क्लॅमिडियाला डॉक्सिसायक्लिन दिवसातून दोनदा सात दिवस लागतं, सिफिलिसला पेनिसिलिनचं इंजेक्शन, गनोरियाला वेगळंच औषध. एका डोसाने लक्षणं दबतील, रोग राहील आणि घरी बायकोपर्यंत पोचेल.

आपल्याकडे सरकारी व्यवस्था आहे, फक्त तिचा बोलबाला नाही. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत सुरक्षा क्लिनिकं चालतात. तिथे लक्षणांवरून उपचार करायची पद्धत आहे आणि त्यासाठी रंगांचे किट ठरलेले आहेत. लघवीच्या वाटेने स्राव येत असेल तर करडा किट, ज्यात सेफिक्झिम आणि अझिथ्रोमायसिन असतं. ओटीपोटात दुखणाऱ्या बाईला पिवळा. रुग्णाला रोगाचं नावही मोठ्याने उच्चारावं लागत नाही.

ही पद्धत लक्षणं असलेल्यांसाठी उत्तम आहे. पण वर पाहिलं तसं, हे रोग बऱ्याचदा लक्षणं दाखवतच नाहीत, आणि डॉक्सीपेपचा सगळा डोलारा उभा आहे तो लक्षणं नसताना केलेल्या नियमित तपासणीवर: घसा, गुदद्वार आणि लघवी, तिन्ही ठिकाणचे नमुने, दर काही महिन्यांनी. ही तपासणी खासगीत महाग आहे आणि सरकारीत सहजासहजी होत नाही. त्यातून पुरुषांशी संबंध ठेवणारा पुरुष सरकारी डॉक्टरसमोर बसून गुदद्वाराच्या नमुन्याबद्दल बोलेल, हे कलम ३७७ चा जाच सप्टेंबर २०१८ मध्ये संपला म्हणून आपोआप घडणार नाही. म्हणून माझं मत असं, की गोळीच्या आधी तपासणी स्वस्त आणि बिनबोभाट व्हायला हवी. आधी गोळी आली तर तिच्यातला फायद्याचा निम्मा भाग गळून पडेल आणि फवारा तेवढा उरेल.

तोवर कुणाला शंका असेल, लक्षणं असोत-नसोत, तर १०९७ हा राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा विनामूल्य फोन आहे. जवळचं सुरक्षा क्लिनिक कुठे, ते तिथे सांगतात. जोडीदारालाही तपासायला सांगतील, त्याची तयारी ठेवून जा. एकट्याने उपचार घेतला आणि जोडीदार तसाच राहिला, तर महिन्याभरात तोच रोग त्याच घरातून परत मिळतो.